लाल की रुपेरी

धाकटीने दुसरं लग्न केलं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सगळं घर गॅरेजमध्ये जमलं. आई गेल्यापासून बाबांना भेटायचं तर गॅरेजमध्येच यावं लागे. घरी ते फक्त पाठ टेकायला जात.

आता तेही सुटणार होतं. जागेच्या मालकाला तिथे इमारत बांधायची होती आणि वर्ष संपायच्या आत शटर कायमचं खाली ओढायचं होतं. बाबा धाकटीच्या नव्या घरी राहायला जाणार होते. गॅरेजच्या माडीवर आयुष्य काढलेल्या काकांनी नदीपलीकडे एक खोली पाहून ठेवली होती. माणसांची सोय लागली. राहिला प्रश्न दोन गाड्यांचा, कारण धाकटीच्या अंगणात छप्पर एकाच गाडीपुरतं होतं.

लाल गाडी इटलीची आणि रुपेरी जर्मनीची. बाबा आणि काका या दोघा भावांनी तरुणपणी भंगारातून ओढून आणलेल्या. कोणती कोणाची हे कधी ठरलं नाही, कारण तसं ठरवायची वेळच आली नाही. रुपेरी आली तेव्हा तिचं इंजिन बंद पडलेलं होतं, पण आतून ती नव्या नवरीसारखी होती. त्यामुळे ती सगळी बाबांच्या हाताखालून गेली. लाल आली तेव्हा तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता. काका गाड्यांच्या गाद्या शिवत. त्यांनी लालच्या सीटा, दारांची अस्तरं, छताचं कापड, गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असते ती चामड्याची पिशवीसुद्धा हाताने शिवली. बाबा त्यांना 'दाभण्या' म्हणत, आणि तसं म्हणायचा हक्क फक्त बाबांचा होता.

दर रविवारी सकाळी दोघे भाऊ लाल काढत. बाबा चाकावर, काका शेजारी. लालचं इंजिन असं गाई, की शेजारच्याशी बोलायची सोय नसे. चाळीस वर्षं दोघे खांद्याला खांदा लावून गप्प बसले होते, आणि दोघांनाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

तसं हे घरच हातांनी बोलणारं. गॅरेजच्या गोंगाटात दुसरा इलाज नव्हता. दोन बोटं वर म्हणजे अजून रेस दे. तळहात खाली म्हणजे थांब जरा. मूठ म्हणजे बंद कर. धाकटी पहिल्या सासरी जेवताना वाढणाऱ्या सासूला मूठ दाखवून बसली होती, आणि ते प्रकरण पुढे बरंच वाढलं होतं.

एका श्रीमंत संग्राहकाला दोन्हींपैकी एक गाडी हवी होती. कोणतीही चालेल, पण आधी पारखून घेईन, असा त्याचा निरोप होता. त्याने पाठवलेला पारखी त्या रविवारी आला. बारकेला माणूस, हातात बॅटरी, खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. त्याने गुडघ्याखाली उशी घेतली आणि लालच्या पोटाखाली डोकं घातलं.

"चुंबक चिकटत नाहीये," नवे जावई धाकटीच्या कानाशी म्हणाले. "म्हणजे खोटी का?"

"ॲल्युमिनियम आहे. हातोडीने ठोकून केलंय सगळं अंग."

"मग रुपेरीला चिकटतंय ते चांगलं की वाईट?"

"जावईबापू," काका म्हणाले, "तुम्ही चहाचं बघा."

जावई हसत चहाचं बघायला गेले. धाकटीचा भाऊ, थोरला, मात्र पारख्याच्या मागे मागे होता. तो घरं विकायच्या धंद्यात होता आणि विकत घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखायची त्याला सवय होती. त्याच्या मते लाल जायला हवी होती. लालला मान जास्त, मोल जास्त. धाकटीचं म्हणणं उलट. आईला लाल आवडायची. आजारपणातही ती खिडकीशी बसून रविवारी लाल परत यायची वाट बघायची. बहीणभावांचं यावरून आठवडाभर फोनवर वाजलं होतं.

पारखी उठला, गुडघे झाडले आणि बाबांच्या समोर येऊन उभा राहिला.

"मेस्त्री, खरं सांगतो, अशी जोडी एका छताखाली मी पाहिली नाही. रुपेरी म्हणजे कारखान्यातून निघाली तशी आहे. इंजिनावरचा नंबर तोच, सीटा त्याच, घड्याळसुद्धा तेच. तळाच्या पत्र्याला थोडा गंज आहे, तो या गाड्यांना असतोच."

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मान हलवली.

"आणि लाल?" थोरल्याने विचारलं.

"लाल देखणी. तिच्यासमोर रुपेरी म्हणजे बेडूक. रस्त्यावर दोन्ही उभ्या केल्या तर लोक लालभोवती जमतील. पण संग्राहक लोक दुसरंच बघतात. आतलं काहीच मूळचं नाही. सीटा नंतर शिवलेल्या आहेत."

"चांगल्या शिवल्यात," धाकटी म्हणाली.

"फार चांगल्या शिवल्यात, ताई. कारखान्याने इतकी बारीक शिवण घातलीच नव्हती. तीच अडचण आहे. घेतली तर आमचे साहेब हे सगळं उतरवून जुन्या नमुन्याबरहुकूम करून घेतील. तेवढा भाव कमी धरावा लागेल."

काका लालच्या उघड्या दाराशी उभे होते. त्यांनी सीटच्या कडेवरून अंगठा फिरवला, जणू कोणी तिथे ओरखडा काढला होता, आणि दार हलकेच लावलं.

"चालवून बघू," पारखी म्हणाला.

*

लालच्या चाकावर बाबा आणि शेजारी पारखी, असे ते आधी निघाले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बाबांनी पाय दाबला. सुई चढली, झाडं मागे पळाली, पारख्याच्या तोंडावर हसू आलं. बाबांना यातलं सगळं दिसत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं.

ते एका दिवसात झालं नव्हतं. आधी पाखरं गेली. मग दारावरची बेल, मग टेलिफोन. मग बायकांचे आवाज गेले, आणि त्यानंतर पुरुषांचे जाड होत होत भिंतीपलीकडे राहायला गेले. लालचं गाणं वरच्या पट्टीतलं. ते लवकर गेलं. ज्या आवाजासाठी तिला जन्मभर जपलं तो आता शेजारचा परका माणूस ऐकत होता, आणि बाबा बंद दुकानाच्या काचेतून आत बघावं तसे त्याच्या तोंडाकडे बघत होते. पारख्याचे ओठ हलले. अडखळते, असं काहीसं. बाबांनी मान डोलावली. अडखळत असणारच. तिचे तीन कार्बोरेटर एका सुरात लावावे लागतात, आणि सूर लावायला कान लागतो.

परत येऊन ते रुपेरीत बसले. रुपेरीचं इंजिन मागे, पाठीशी. ते गात नाही, खडखडतं. लोक त्याला पत्र्याच्या डब्यात खिळे म्हणतात. बाबांनी किल्ली फिरवली आणि पाठीच्या कण्यातून एक थरथर मानेपर्यंत चढली. ती त्यांना कळली. कोणत्या क्षणी गिअर मागते, कुठे दम लागतो, कुठे खूश असते, सगळं पाठीला कळत होतं. पारखी काही बोलला असेल. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी बोलत होतं.

*

चहा पिताना थोरल्याने पलटी खाल्ली.

"मला वाटतं, रुपेरी द्यावी," तो म्हणाला. "सगळी मूळची आहे म्हणतोय तो, नंबरसकट. लालच्या सीटा काय, अडखळणं काय, शंभर खोडी काढेल. त्यापेक्षा लाल घरात राहू दे. आईची आठवण आहे."

"आठवडाभर मी हेच सांगत होते तेव्हा मला रडूबाई म्हणालास."

"रडूबाई आहेसच. पण या वेळी बरोबर रडत होतीस."

"लिहून दे."

"लाल ठेवली तर मी शेजारी बसू शकेन का?" जावयांनी विचारलं. "की त्यालाही परीक्षा असते?"

"ती जागा काकांची आहे," धाकटी आणि थोरला एकदमच म्हणाले, आणि कित्येक वर्षांनी दोघांना एकदमच हसू आलं.

काका हसले नाहीत, पण त्यांनी कप खाली ठेवला तो जरा हलक्या हाताने. दोन्ही मुलं एका बाजूला आली होती. आता फक्त भाऊ हो म्हणायचा राहिला होता. दोघा भावांत मोठा तो, त्याचा शब्द शेवटचा.

बाबा चहाला आले नव्हते. ते आत लालचं बोनेट उघडून वाकले होते. काका उठून आत गेले.

काकांना मागायची सवय नव्हती. लहानपणी भावाचे जुने कपडे अंगावर आले, मोठेपणी भावाचं गॅरेज. लग्न राहून गेलं, तेही कोणाकडे काही मागितलं नाही म्हणूनच बहुधा. माडीवरची खोली होती, खाली भाऊ होता, रविवारी लाल होती. त्यात भागलं. पण नदीपलीकडची ती खोली पाहून आल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. तिथल्या खिडकीतून समोरची भिंत दिसे. रविवारी त्या भिंतीसमोर लाल येऊन उभी राहील, आपण खाली उतरू, आपणच शिवलेल्या सीटवर बसू आणि कोणी काही बोलणार नाही, एवढ्यावरच त्यांनी ती खोली पसंत केली होती.

इंजिन मंद चालू होतं. बाबांची पाठ त्यांच्याकडे होती. तीच बरी, असं काकांना वाटलं. तोंडाकडे बघून हे जमलं नसतं.

"भाऊ," ते म्हणाले, "लाल ठेव. पोरांचं जाऊ दे. मला हवी आहे म्हणून ठेव."

बाबा स्क्रू फिरवत राहिले.

काका वाट बघत उभे राहिले. इंजिन फारसं मोठ्याने चालत नव्हतं. आपला आवाज पोचला हे त्यांना ठाऊक होतं. आणि हा माणूस तर गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या गाडीचा कोणता प्लग काळा पडलाय ते आत बसून सांगायचा. त्याच्या कानांवर अख्ख्या शहराचा भरवसा होता.

"तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," काका म्हणाले.

बाबांनी मान थोडी तिरकी केली, दुसऱ्या स्क्रूकडे हात नेला.

काकांना उत्तर मिळालं. ते मागच्या दाराने बाहेर पडून जिना चढून गेले.

*

धाकटी बाबांचा चहा घेऊन आत आली तेव्हा ते तसेच वाकलेले होते. कार्बोरेटर लावताना बाबा रबरी नळीचं एक टोक कानाशी धरत आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत ओढल्या जाणाऱ्या हवेची फुसफुस तिन्हींची सारखी झाली की काम झालं. लहानपणी तिलाही त्यांनी ती ऐकवली होती.

आत्ताही नळी त्यांच्या कानाशी होती. डोळे मिटलेले, मान तिरकी, दुसरा हात स्क्रूवर. पण नळीचं दुसरं टोक निसटून चाकाशेजारी लोंबत होतं. बाबा रिकाम्या हवेला कान लावून स्क्रू फिरवत होते.

"बाबा," ती म्हणाली.

मग मोठ्याने म्हणाली. मग कप खाली ठेवून पुढे गेली, इंजिन बंद केलं. थरथर थांबली तसे बाबांनी डोळे उघडले. समोर ती, हातात किल्ली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, लोंबणाऱ्या टोकाकडे पाहिलं, आणि नळी शांतपणे गुंडाळायला घेतली.

"कधीपासून?" तिने ओठ सावकाश हलवत विचारलं.

"झाली काही वर्षं."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. यंत्र देतो म्हणाला. लावून पाहिलं. पत्र्यावर पाना घासल्यासारखं वाजतं, बोलणं काही कळत नाही."

"आणि आम्हाला कळलंच नाही?"

"कसं कळणार? या घरात कोण हळू बोलतं? आणि अर्धं तर हातांनीच."

तिला ओरडायचं होतं, पण ओरडून उपयोग नव्हता. ती त्यांच्यासमोर जुन्या टायरवर बसली.

"आई गेली तेव्हा?"

बाबांनी फडक्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"दोनतीन वाक्यं बोलली ती शेवटी. अंधार होता, तोंड दिसत नव्हतं. मी हो, हो म्हणालो. काय विचारलं होतं कुणास ठाऊक."

बाहेर थोरला पारख्याशी काहीतरी हसत बोलत होता. धाकटीने डोळे पुसले.

"थोरल्याला सांगू नकोस. किल्ल्या काढून घेईल."

"काकांना तरी सांगा."

"त्याला तर नाहीच," बाबा म्हणाले. "हा दाभण्या लोकांना सांगत फिरतो की माझा भाऊ कानाने गाडीचं दुखणं ओळखतो. तेवढाच त्याला तोरा आहे. तो कशाला काढून घेऊ?" मग ते लालकडे न बघता म्हणाले, "ही जाऊ दे. ही आता माझ्याशी बोलत नाही."

*

सगळ्यांसमोर ते एवढंच म्हणाले, "लाल द्या."

"बाबा, अहो, आत्ताच आमचं ठरलं," थोरला म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा मी आणि ही एका बाजूला आहोत. तू बोल ना गं."

धाकटी चहाचे कप गोळा करायला लागली.

"आता तू पण? मघाशी आईच्या नावाने..."

"बाबांना हवं तसं होऊ दे, दादा."

थोरल्याने आधारासाठी काकांकडे पाहिलं. काका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. "काका, तुम्ही तरी सांगा यांना. तुमचा अर्धा वाटा आहे."

काकांनी त्याच्याकडे पाहून मूठ दाखवली.

पारखी अवघडला. जाता जाता काकांजवळ थांबून म्हणाला, "सीटा उतरवल्या की परत पाठवू का? चांगलं काम आहे, वाया जायला नको."

"नको," काका म्हणाले. "बसायला खुर्ची आहे माझ्याकडे."

*

गॅरेज रिकामं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबा रुपेरी घेऊन नदीपलीकडे गेले. काका खाली आले, शेजारी बसले. सीटवर हात ठेवायला जागा शोधावी तसे बसले. त्या चामड्यात त्यांचा एकही टाका नव्हता. नदीच्या कडेने जाताना त्यांच्या लक्षात आलं की या गाडीत बोलता येतं. खडखड मागे राहते, पुढे माणसाचा आवाज ऐकू जातो.

बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं, भाऊ. तोंडाने नाही म्हणायचंस."

बाबा समोर बघत होते. पुढे वळण होतं. पाठीला इंजिनाचा दम कळत होता, शेजारी भाऊ होता, रविवार होता. बाबांना वाटलं, काही गेलं नाही आपलं. त्यांनी वळण फार सुरेख घेतलं.

पुढच्या रविवारी काकांनी धाकटीला फोन करून पाठ दुखते म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तेव्हा ती स्वतः गेली. समोर भिंत असलेल्या त्या खोलीत काका खिडकीशी बसून एका जुन्या उशीची उसवलेली कड शिवत होते.

"बाबा खाली गाडीत वाट बघताहेत, काका."

"मी दोनदा विचारलं त्याला," काका म्हणाले. "एकदा गॅरेजमध्ये, एकदा गाडीत. उत्तर देण्याइतकीही किंमत ठेवली नाही त्याने माझी. असू दे. त्याच्या जिवावर जगलो, तो काय बोलणार."

मग धाकटीने बाबांचं सांगणं मोडलं.

"त्यांना ऐकू येत नाही, काका. अजिबात. त्यांनी ऐकलंच नाही तुमचं."

काकांनी सुई थांबवून तिच्याकडे पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. लहान मुलीने थाप मारावी आणि मोठ्यांनी ती ओळखावी, तसे.

"भाऊला? अगं, तुझ्या बापाच्या कानावर तर आपलं घर चाललं."

"खरंच सांगते."

"बापाची बाजू घेतेस, चांगलं आहे. लेकीने घ्यावी. पण अशी सारवासारव नको करू." ते पुन्हा शिवायला लागले. "जा. तो खोळंबला असेल."

तिने त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितकं काका मान हलवत राहिले. शेवटी तिने त्यांचा हात धरून त्यांना खिडकीशी उभं केलं आणि खाली बाबांना जोराने हाक मारली. रस्त्यावरचे दोघेतिघे वर बघायला लागले. बाबा रुपेरीला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"बघितलंत?" धाकटी म्हणाली.

"बघितलं," काका म्हणाले. "मी वर आहे हे ठाऊक आहे ना त्याला. म्हणून बघत नाही."

त्यानंतर बाबा दर रविवारी जात, गाडीला टेकून उभे राहत आणि काही वेळाने परत येत. दाभण्या पाठीने बेजार आहे, बरा झाला की येईल, असं ते जावयांना सांगत. खरं कारण बाबांना सांगायचं तर त्यांचं गुपित फोडल्याचंही सांगावं लागलं असतं, म्हणून धाकटीने ते त्यांना सांगितलं नाही; थोरल्याला मात्र सगळं सांगितलं. थोरला काकांकडे गेला, आणि काकांनी त्यालाही चहा देऊन परत पाठवलं.

धाकटीच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, तिला मुलगा झाला त्याच महिन्यात, काका नदीपलीकडच्या खोलीत झोपेत वारले. बाबा त्यांच्यानंतर सहा वर्षांनी गेले.